रिकामा डबा

मैत्रिणींनो, ‘काही लागलं तर सांगा हं, अगदी संकोच करू नका,’ हे वाक्य आजारी माणसाच्या उशाशी बसून किती जणी म्हणत असतील! म्हणणारीचा हेतू चांगलाच असतो. पण अंथरुणावर पडलेल्या बाईला सगळ्यांत अवघड काय जात असेल, तर ते हे सांगणंच. कुणाला कधी काय लागतं, हे तिनं आजवर न विचारता ओळखलेलं असतं. स्वतःला काय हवं ते तोंडानं मागायची सवय तिला कुठली? गेल्या वर्षी पावसाळ्यात माझं पिशवीचं ऑपरेशन झालं. त्या दिवसांत मला मागायलाच लागू नये अशी काळजी घेणारी काही माणसं भेटली. आज त्यांच्याविषयी तुमच्याशी बोलायचंय.

‘पिशवीचं’ म्हटलं की आपण लगेच आवाज खाली करतो. पण यात लाजण्यासारखं काय आहे? माझं वय अडतीस. गर्भाशयात गाठी झाल्या होत्या. अंगावरून इतकं जायचं, की हिमोग्लोबिन सातवर आलं. फळ्यावर लिहिता लिहिता डोळ्यांपुढे अंधारी यायची. वर्षभर औषधं करून झाली आणि शेवटी पोट उघडून गर्भाशय काढावंच लागलं. सांगलीतल्या एका रुग्णालयात, सहा खाटांच्या वॉर्डात मी सहा दिवस होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या मावशी केर काढून झाल्यावर माझ्या खाटेशी थांबल्या. हात स्वच्छ धुऊन आल्या आणि माझ्या उशाखालचा कंगवा त्यांनी स्वतःच काढला. ऑपरेशनच्या दिवसापासून केसांना हात लागला नव्हता, अगदी जट झाली होती. हळूहळू गुंता सोडवत त्या म्हणाल्या, “एक वेणी घातली तर पाठीखाली टोचते बघा. दोन घालते, दोन्ही खांद्यांवरून पुढं सोडायच्या.” शाळेतल्या पोरीसारख्या दोन वेण्या! आरशात बघून मला हसू आलं. हसल्याबरोबर टाक्यांतून अशी कळ आली, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण खरं सांगू? तीन दिवस मी ‘खाट नंबर चार’ होते. त्या दोन वेण्यांनी मला पुन्हा माणसात आणलं.

ते हसणं रात्रपाळीच्या सिस्टरांच्या कानावर गेलं असावं. संध्याकाळी येताना त्या एक जादा उशी घेऊन आल्या. खोकला, शिंक किंवा हसू आलं की ती पोटाशी घट्ट धरायची. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि मग हाताच्या जोरावर उठून बसायचं, हे त्यांनी मला दोनदा करून दाखवलं. सांगायला लागली दोन मिनिटं, पण त्या उशीनं मला पुढे महिनाभर साथ दिली. तुमच्यापैकी कुणाचं पोटाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर घरून एक लहान उशी आठवणीनं न्या.

शेजारच्या खाटेवर जत तालुक्यातली एक बाई होती. तिचा नवरा तीन दिवस व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपत होता. मुलांच्या शाळेमुळे आमच्या घरून सकाळी कुणी लवकर येऊ शकत नसे. हे त्यानं पाहिलं असणार. रोज सहा वाजता तो किटलीतून चहा आणायचा आणि एक पेला माझ्या कपाटावर ठेवून म्हणायचा, “ताई, च्या उरलाय बघा. टाकून द्यायचा का?” रोज बरोबर एक पेलाच कसा उरतो, हे मलाही कळत होतं आणि त्यालाही. पण ‘तुमच्यासाठी आणलाय’ म्हटलं असतं, तर मी पैसे काढले असते. देणाऱ्यानं घेणाऱ्याची लाज अशी झाकावी, हे मी त्याच्याकडून पाहिलं.

माझी खाट भिंतीकडे तोंड करून होती. चौथ्या दिवशी मावशींनी आणि वॉर्डबॉयनं ती फिरवून खिडकीकडे केली. बाहेर एक कडुनिंब होता, पावसानं हिरवागार झालेला. तेवढ्यानं मन किती हलकं झालं! नंतर कुठेशी वाचलं, की अमेरिकेत रॉजर उलरिच नावाच्या संशोधकानं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधंही कमी लागली. हा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. आमच्या मावशींनी तो वाचलेला असणं शक्यच नव्हतं. पण कळायचं ते त्यांना कळलं होतं.

भेटायला येणाऱ्यांविषयीही थोडं सांगते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर एक छोटं पुस्तक लिहिलं, ‘नोट्स ऑन नर्सिंग’. रुग्णाला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसावं, त्याच्या खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजू नये, आणि खोटा धीर आणि फुकटचे सल्ले देत बसू नये, असं त्यात आहे. आज इतक्या वर्षांनीही ते तंतोतंत पटतं. माझ्या एक चुलतसासूबाई आल्या, समोर बसल्या, दहा मिनिटं त्यांच्या मांजरीच्या पिलांच्या गमती सांगितल्या आणि उठल्या. ऑपरेशनचा एक शब्द नाही! मला वाटलं, त्यांनी रोज यावं.

घरी आल्यावर मात्र खरी धाकधूक होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा आठवडे जड उचलायचं नाही, पाण्याची भरलेली कळशीसुद्धा नाही. पण पोटावरची जखम वरून सुकली, बाई चालू-बोलू लागली, की घराला ती बरी झालीशी वाटते. आतले टाके कुणाला दिसतात? बाळंतिणीला आपल्याकडे सव्वा महिना तरी मिळतो, कारण तिच्या कुशीत मूल असतं. पिशवी काढलेल्या बाईच्या कुशीत दाखवायला काहीच नसतं.

दहाव्या दिवशी सवयीनं मी स्वयंपाकघरात गेले आणि परात ओढली. सासूबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाल्या, “बाळंतिणीचा सव्वा महिना तुला धरलाय मी. त्याच्या आत पिठात हात घालायचा नाही.”

मी म्हटलं, “आई, तुम्हाला एकटीला किती पडेल!”

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग परातीकडे बघत म्हणाल्या, “माझी पिशवी काढली तेव्हा घरात नणंदेचं लग्न होतं. बाराव्या दिवशी मी पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापल्या. ‘कशी आहेस’ असं कुणी विचारलं नाही. कंबर गेली ती तेव्हापासून.”

लग्नाला सोळा वर्षं झाली, हे मला ठाऊक नव्हतं. मैत्रिणींनो, ‘आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा,’ असं म्हणायचा त्यांना हक्क होता. पण जे स्वतःला मिळालं नव्हतं, ते त्यांनी मला दिलं. ह्यांनाही त्यांनीच कामाला लावलं. ह्यांनी चहा-साखरेचे डबे, तवा, कढई वरच्या फळीवरून काढून ओट्यावर हाताशी मांडली आणि सकाळचं पाणी भरणं आपल्याकडे घेतलं. ते अजूनही त्यांच्याकडेच आहे, हे जाता जाता सांगून ठेवते!

शेजारच्या वहिनींनी दोन आठवडे रोज भाजीचा डबा पाठवला. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. म्हणजे डबा आला, की घेणारीला तेवढाच घोर. वहिनींनी पहिल्याच दिवशी झाकणावर चिठ्ठी चिकटवली होती : ‘डबा रिकामाच द्यायचा. साखरसुद्धा नको. न घासता दिलात तरी चालेल.’ भाजी चविष्ट होतीच, पण त्या चिठ्ठीची चव अजून जिभेवर आहे.

शाळेतल्या सहकारी बाईंनी माझ्या वर्गाच्या बेचाळीस उत्तरपत्रिका तपासून दिल्या, आणि गुण पेन्सिलीनं मांडले. म्हणाल्या, “वर्ग तुमचा आहे. तुम्ही नजर घाला, मग शाईनं लिहू.” माझं काम त्यांनी हलकं केलं, पण माझी जागा घेतली नाही.

तेव्हा कुणी आजारी पडलं, तर ‘काय करू?’ असं विचारून तिच्यावर विचाराचा भार टाकू नका. ‘उद्या मुलांचा डबा मी देते,’ असं सरळ सांगा आणि ठरल्या वेळी द्या. काम लहान निवडा, पण पहिल्या आठवड्याच्या गर्दीत न करता तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात करा. तेव्हा येणारी-जाणारी माणसं थांबलेली असतात आणि टाके मात्र आतून ओढत असतात. आणि आपल्यावर वेळ आली, तर घ्यायलाही शिका. लगेच फेड करायची घाई नको.

आमच्या शाळेच्या शिपाईबाईंचं येत्या सोमवारी हेच ऑपरेशन आहे. घरात सासू नाही, मुलं लहान, नवरा ट्रकवर. नळ गल्लीच्या टोकाला. आठव्या दिवशी त्या कळशी उचलणार, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून आम्ही सात जणींनी सहा आठवड्यांचे वार वाटून घेतलेत, सकाळी त्यांचं पाणी भरून द्यायचं. माझ्या वाट्याला गुरुवार आलाय.