शेणव्याकडचा हापसा

शहापूर तालुक्यातल्या शेणव्याकडच्या पाड्यांवर मे महिन्यात सर्वांत जास्त शिव्या खाणारा म्हातारा म्हणजे हापसा. जस्ताचा मुलामा उडालेला, दांडा हात लागून लागून गुळगुळीत, ओट्याला तडे, आणि सांडलेल्या पाण्याच्या ओलीवर शेळ्यांचा हक्क. चार-पाच वेळा हापसून पाणी आलं नाही की रांगेत चुळबुळ सुरू होते. मग दांडा एकदम जड लागतो आणि सगळ्याजणी गप्प होतात. पाणी आलं.

त्याचं घराणं आपल्याच मुलखातलं. बिडाचे जुने हातपंप एका घरापुरते घडवलेले. गावभराच्या हातांखाली ते टिकेनात. मग जालन्यात मिशनच्या लोकांनी पोलादी पंप केला, सोलापुरात तो आणखी सुधारला, आणि १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्यावरूनच ‘इंडिया मार्क २’ तयार झाला. पुढे तो आफ्रिकेतल्या खेड्यांतही गेला. एवढं फिरूनही अंगाला मिजास नाही. दांडा, साखळी, सळ्या, पाईप आणि तळाशी पाण्यात बुडालेला सिलिंडर. बिघडतो बहुधा वायसरपायी.

हात मात्र आखडता. मिनिटाला चाळीसेक वेळा दांडा दाबावा तेव्हा बारा लिटरच्या आसपास पाणी. हंडा भरेपर्यंत दंड भरून येतात. कुरकुर करणाऱ्या बायकांचं काहीच चुकत नाही, पाणी भरण्याचं काम पुरुषांच्या वाट्याला असतं तर गावोगावी नळ कधीच आले असते. पण ह्या आखडत्या हातानेच भूगर्भातली शिल्लक राखली, हेही खरं. माणसाचा दंड देईल तेवढंच तो घेतो. विजेच्या मोटारीला दंड भरून येणं माहीत नाही.

आणि खाली आहे तरी किती? इथे पाऊस धो धो पडतो, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. पण जमीन उताराची, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. पाणी मुरायचं ते मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि कातळाच्या भेगांत. सगळं मिळून जागा थोडी. बाकीचं पाणी भात कापून होण्याआधीच ओहोळांतून नदीला मिळतं. म्हणून एका बोअरला भेग लागते आणि शंभर पावलांवरचं दुसरं फुफाटा ओकतं. पाणी दाखवणारा पायाळू माणूस आणि नारळ यांचा धंदा त्यावर चालतो.

ह्या म्हाताऱ्याला कायद्याचंही संरक्षण आहे. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, असं १९९३च्या कायद्याने ठरवलं. २००९च्या कायद्याने शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली. पण बोअर पाडणाऱ्या रिगची गाडी रात्री येते आणि पहाटे निघून जाते, तेव्हा ते अंतर मोजायला कोणी टेप घेऊन उभं नसतं.

ह्याच तालुक्यात १८९२चं तानसा धरण आहे, भातसा आहे. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. धरण भरल्याची बातमी मुंबईच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येते. हापसा त्या बातमीत नसतो. धरणाच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. त्याची भिस्त पाड्यावरच्या टेकडीत मुरलेल्या पावसावर. म्हणून त्याच्यासाठी काही करायचंच असेल तर ते दिवाळीच्या सुमाराला, ओहोळ वाहता असताना: सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घालायचा. एप्रिलमध्ये पुढाऱ्यांना जाग येते तोवर अडवायला पाणीच उरलेलं नसतं.

हल्ली राज्यात दुहेरी पंपाची योजना आहे. त्याच बोअरमध्ये सौर पंप सोडतात, शेजारी पाच हजार लिटरची टाकी, टाकीला नळ. बायकांचे खांदे वाचतात, आणि ते वाचायलाच हवेत. हापसाही जागेवर राहतो, सौर पंप बंद पडला तर कामाला. फक्त नळ उघडा राहिला तर ओरडायला साखळी नाही.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मेकॅनिक तिवई उभारतो, पाईप एकेक करून वर काढतो आणि खोली बघायला बोअरमध्ये दोरीला दगड बांधून सोडतो. खाली जागा असेल तर आणखी दोन पाईप जोडतो. दांडा तेवढा जड होतो. जागा नसेल तर सामान गोळा करतो, आणि ग्रामपंचायतीत टँकरचा अर्ज लिहायला कोणीतरी पेन शोधू लागतं.