रिकाम्या मजल्याचा भाव

रावेत, १ एप्रिल २०२५, मंगळवार

रेडी रेकनरचे नवे दर आजपासून लागू. राज्याची सरासरी वाढ ३.८९ टक्के, पुणे ४.१६ आणि आमचं पिंपरी-चिंचवड ६.६९. सकाळपासून फोन एकच, "साहेब, आमच्या जागेची किंमत वाढली ना?" तो दर मुद्रांक शुल्क मोजण्यासाठी असतो, गिऱ्हाईक त्या दराने दारात येईलच असं नाही, हे प्रत्येक एप्रिलमध्ये नव्याने सांगावं लागतं. रावेतचंच बघा. एक्स्प्रेस-वेचं तोंड हाकेच्या अंतरावर, हिंजवडीला नोकरी करणारे इकडे राहायला आलेले, त्यामुळे फ्लॅट खपतात. पण सर्व्हिस रोडच्या काचेच्या इमारतींत खाली बँक नाहीतर मिठाईवाला आणि वर 'ऑफिस भाड्याने देणे आहे'. रेकनरच्या तक्त्यात वरच्या मजल्यालाही दर असतो, भाडेकरू नसतो.

दुपारी मूल्यांकनाचं नवं काम आलं. परदेशी मुख्यालय असलेली एक सेवाभावी संस्था. निगडी प्राधिकरणात तिचं तळमजला अधिक दोन मजल्यांचं ऑफिस आहे. पत्राचा मथितार्थ असा की आमची भारतातली इमारत पुरेशी वापरली जात नाही, तेव्हा जूनअखेरच्या बैठकीआधी तिची किंमत कळवा. गुप्ततेच्या पत्रावर सही केली आहे, म्हणून संस्थेचं नाव इथेही लिहीत नाही.

५ एप्रिल, शनिवार

जागा पाहून आलो. बांधकाम १९९७ चं, आरसीसी, चांगल्या हाताचं. किल्ल्यांचा जुडगा घेऊन तिथले जुने शिपाई बरोबर फिरले. तळमजल्यावर हिशेबाची दोन माणसं. पहिल्या मजल्यावर बारा टेबलं, त्यातल्या चारांवर लॅपटॉप. दुसऱ्या मजल्याचं कुलूप तेल घातल्याशिवाय उघडेना. आत प्रशिक्षणाचा हॉल, एकावर एक रचलेल्या खुर्च्या, जाडजूड पाठीचे जुने मॉनिटर, संपलेल्या प्रकल्पांचे फ्लेक्स.

"पूर्वी जेवायला बसायला जागा नसायची साहेब," शिपाई म्हणाले. "आता कामं तिकडं नंदुरबारला, गडचिरोलीला. पोरं तिथूनच कॉम्प्युटरवर मीटिंगा घेतात."

मोजमाप घेतलंच. पण त्याआधी हजेरीपट, विजेची बिलं आणि लिफ्टच्या देखभालीचा करार मागून घेतला. इमारत किती वापरात आहे हे विचारू नये, बिलं बघावीत. युनिट घसरलेत, मंजूर भार मात्र साठ माणसांच्या काळातला तसाच आहे आणि त्यावरचा स्थिर आकार दरमहा भरला जातो. लिफ्टचा करार चालू, जनरेटरचा चालू, दुसऱ्या मजल्यावरच्या बंद एसींचासुद्धा चालू. रिकामी जागा फुकट उभी राहते अशी मुख्यालयाची समजूत दिसते.

९ एप्रिल, बुधवार

आजचा दिवस कागदांचा, आणि खरं काम तिथेच निघालं.

मुख्यालयाच्या पत्रात 'आमची इमारत' हा शब्दप्रयोग चार वेळा आहे. कागदावर जमीन पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. पट्टेदार म्हणून नाव इथल्या विश्वस्त संस्थेचं. मुख्यालयाचं नाव एकाही दस्तात नाही. पैसा त्यांनी पाठवला एवढंच. प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झालं, त्याचा कारभार काही पालिकेकडे तर काही पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) गेला. पट्ट्यातल्या अटी जशाच्या तशा राहिल्या. वापर कशासाठी ते लिहिलेलं आहे आणि हस्तांतर किंवा पोटभाडं पूर्वपरवानगीशिवाय नाही.

पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०, कलम ३६. न्यासाची स्थावर मिळकत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी हवी. बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तरीही हवी. म्हणजे तीन वर्षांच्या आतली एक फट कायद्यानेच ठेवली आहे. ती खुणेचा कागद घालून ठेवली.

त्यानंतर एफसीआरए, म्हणजे परकीय निधीच्या विनियमनाचा कायदा. परकीय निधीतून उभी राहिलेली मालमत्ता विकली तर येणारा पैसाही परकीय निधीच समजला जातो, त्याच खात्यात जातो आणि त्याच नियमांनी खर्च होतो. संस्थेची नोंदणी रद्द झाली किंवा तिने ती परत केली, तर अशी मालमत्ता सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. विकून पैसे मायदेशी न्यायचं कोणाच्या मनात असेल तर ते आजच विसरावं.

शेवटी करमाफी. पत्रात एक ओळ आहे, आम्ही आंतरराष्ट्रीय संघटना असल्यामुळे करमुक्त आहोत ना? नाही. १९४७ चा विशेषाधिकारांचा कायदा संयुक्त राष्ट्रांसाठी आणि सरकार ज्यांना अधिसूचनेने तो लागू करील त्यांच्यासाठी. त्यांनाही पाणीपट्टीसारखे सेवेचे पैसे चुकत नाहीत. अनेक देशांत ऑफिसं असली म्हणून हा दर्जा मिळत नसतो. या इमारतीला सर्वसाधारण कर माफ आहे तो १९४९ च्या महापालिका अधिनियमातल्या कलम १३२ मुळे, निव्वळ धर्मादाय वापर म्हणून. मजला भाड्याने दिला की तेवढ्या भागाची माफी गेली. भाड्याचा आकडा डोळ्यांपुढे नाचवणाऱ्या एजंटांना हे माहीत नसतं, किंवा ते सांगत नाहीत.

१३ एप्रिल, रविवार

ताईच्या लेकीचा जिनिव्हाहून फोन. तीही अशाच एका मोठ्या संस्थेत इमारतींचं बघते. मी कुरकुर केली तर हसली. "मामा, तुझा एक मजला रिकामा आहे. आमच्या गावात अख्खा राजवाडा बंद ठेवला होता."

बातमी आठवली. संयुक्त राष्ट्रांचं तिथलं पॅले दे नासिओं, ६०० मीटर लांबीचं, ३४ सभागृहांचं आणि २,८०० च्या आसपास खोल्यांचं. सभासद देशांची वर्गणी वेळेवर येईना, म्हणून गरम हवेचा आणि विजेचा खर्च वाचवायला २० डिसेंबर २०२३ पासून १२ जानेवारीपर्यंत ते बंद ठेवलं. आणि त्याच वास्तूच्या नूतनीकरणाचा आराखडा ८३.६५ कोटी स्विस फ्रँकचा, पैकी ४० कोटींपर्यंत यजमान देशाचं कर्ज. नव्याने बांधलेल्या भागात स्वतःचं असं टेबल कोणाला नाही. सकाळी यायचं आणि मोकळं मिळेल तिथे बसायचं. आता तर मार्चपासून 'यूएन८०' नावाची काटकसर सुरू झाली आहे, आणि न्यूयॉर्क-जिनिव्हातली पदं नैरोबीसारख्या स्वस्त शहरांत हलवायची बोलणी चालू आहेत.

"मग त्या इमारतीची किंमत काय लावतात?" मी धंद्याचा प्रश्न विचारला.

"आज बांधायला किती लागतील ते काढायचं आणि झीज वजा करायची. विकत कोण घेणार मामा?"

गंमत म्हणजे या वास्तूची एकदा देवघेव झाली आहे. ती राष्ट्रसंघाने बांधली. युद्धाच्या वर्षांत मोजक्या माणसांनी तिथे दिवा लावून ठेवला आणि १९४६ मध्ये राष्ट्रसंघ विसर्जित झाल्यावर ती संयुक्त राष्ट्रांकडे आली. मालमत्तेची किंमत ठरवून ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे ती सभासद देशांच्या नावे जमा धरली गेली. भारत दोन्हीकडे पहिल्यापासून सभासद, म्हणजे त्या दगडांत आपलीही वर्गणी आहे.

१९ एप्रिल, शनिवार

अहवालात तीन किमती देणार म्हटल्यावर ऑफिसातल्या मुलाने विचारलं, सर, एका इमारतीच्या तीन किमती कशा असतील? त्याला नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत सांगितली. १९७४ ची, २३ मजली. कंपनीचं मुख्यालय २०१३ मध्ये दिल्लीला गेलं आणि मजले भाड्याने देणं सुरू झालं. विकायला काढली तेव्हा एलआयसी १,२०० कोटी म्हणाली, जेएनपीटी १,३७५ आणि राज्य सरकार १,४००. शेवटी राज्य सरकारनेच १,६०१ कोटींना घ्यायची ठरवली. केंद्राने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. साधारण ४६,४७० चौरस मीटर जागा, म्हणजे चौरस फुटाला बत्तीस हजारांच्या घरात. पण जमीन मुळात राज्य सरकारचीच, भाडेपट्ट्याने दिलेली. जमिनीचा मालकच गिऱ्हाईक म्हणून आला, तेव्हा थकीत रकमेवर पाणी सोडणं त्यालाच शक्य होतं, आणि त्याने ते सोडलं. दुसऱ्या कोणाला हा सौदा या भावात परवडला नसता.

याच्या उलट ब्रीच कँडीचं लिंकन हाऊस. मूळचं वांकानेर संस्थानिकांचं, १९५७ मध्ये ९९९ वर्षांच्या कराराने अमेरिकेकडे गेलेलं. २०११ मध्ये अमेरिकेची वाणिज्य वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात हलली आणि घर रिकामं झालं. २०१५ मध्ये आपल्या पुण्याच्या सायरस पूनावालांनी ७५० कोटींना घेतलं. केवढा गाजावाजा झाला! पण जमिनीच्या मालकीवर सरकारने हक्क सांगितला आणि व्यवहार अडला. भाव ठरला होता, घेणारा खमक्या होता, देणारा तर महासत्ता. अडलं ते जमिनीच्या मालकीपाशी.

मुलाने वहीत ७५० चा आकडा लिहून घेतला. त्याच्याखाली १९५७ लिही म्हटलं.

२७ मे, मंगळवार

यंदा पाऊस मेमध्येच आला. प्राधिकरणातून शिपायांचा फोन, "साहेब, वरच्या हॉलमध्ये पाणी." गेलो. गच्चीच्या पन्हाळीत पाला अडकून तळं साचलेलं, हॉलच्या छताला ओल आणि भिजलेल्या खुर्च्या. माणसं बसत असती तर पहिल्या डागाला कोणी तरी ओरडलं असतं. घसाऱ्याच्या सूत्राप्रमाणे साठ वर्षं आयुष्य आणि दहा टक्के अवशेष मूल्य धरून २८ वर्षांच्या इमारतीची झीज ४२ टक्के येते. ते सूत्र वापरातल्या इमारतीचं आहे. कुलूपबंद मजल्याला मी जास्त धरतो, आणि का धरतो हे अहवालात लिहितो.

६ जून, शुक्रवार

आकडे झाले. पहिला पुस्तकी, आजचा बांधकाम खर्च वजा झीज, अधिक पट्ट्याच्या उरलेल्या मुदतीचं मोल. दुसरा बाजाराचा, कोणतीही अट नाही असं मानून. तो सर्वांत मोठा निघाला आणि सर्वांत निरुपयोगी आहे. तिसरा जसं आहे तसं: पट्ट्याच्या अटी, हस्तांतर शुल्क, कलम ३६ ची मंजुरी, त्यात जाणारा काळ, परकीय निधीचं बंधन, गच्चीची दुरुस्ती. तिसरा दुसऱ्याच्या निम्म्याहून थोडा वर.

१९ जून, गुरुवार

तुकोबांची पालखी आज आकुर्डीत मुक्कामाला. वाहतूक वळवलेली, त्यामुळे घरूनच अहवाल पाठवला. शिफारस अशी: विकू नका. या पावसाळ्यातच गच्चीचं जलरोधन करा. मंजूर भार कमी करून घ्या. पट्टा देणाऱ्याची परवानगी काढून दुसरा मजला तीन वर्षांच्या आतल्या कराराने एखाद्या स्थानिक संस्थेला देखभालखर्चावर द्या. करमाफी टिकते का ते आधी पालिकेकडून लेखी घ्या. आणि महिन्याच्या शेवटी किती माणसं किती दिवस बसली याची एक ओळ मुख्यालयाला पाठवत जा. किंमत दर तीन वर्षांनी काढली तरी चालेल.

२८ जून, शनिवार

मुख्यालयाचं उत्तर आलं. आभार, अहवाल सखोल आहे वगैरे. खाली प्रश्न असा की बैठकीच्या तक्त्यात किमतीसाठी चौकट एकच आहे, तिन्हींपैकी कोणता आकडा भरायचा?

लगेच कळवलं, तिसरा. आणि दुसरा मजला पावसाळा संपेपर्यंत रोज उघडायला सांगा.