उद्या म्हणजे नक्की कधी?

‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ म्हटलं की दहावीच्या इंग्रजीतलं ‘डू ऍज डायरेक्टेड’ आठवतं ना? भाईंदर पूर्वेला, नवघरमधल्या आमच्या क्लासमध्ये तर हे नियम पाढ्यांसारखे घोकून घेत. ‘सेड टू’चं ‘टोल्ड’ करा, ‘ऍम’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वुड’ आणि ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’. मार्क मिळायचे, पण माणसाचं सरळ बोलणं असं फिरवायचं कशाला, हे कोडं काही सुटायचं नाही.

मराठीत आपल्याला ही भानगड फारशी करावी लागत नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. बोलताना मात्र आपण दुसऱ्याचं वाक्य बहुधा जसंच्या तसं उचलतो. “ती म्हणाली, मी उद्या येते.” हा निरोप मुलाने दिला तरी ‘येते’वरून कळतं की यातला ‘मी’ तिचा आहे. इंग्रजीत क्रियापद असं सांगत नाही. ‘आय’चं ‘शी’ केलं नाही तर येणार कोण, हाच घोळ! पण आपल्या ‘उद्या’ला असा कसलाच आधार नाही.

हे मला पटलं सेकंड इयरला. आजोबांचं ऑपरेशन ठरलं होतं. माझा मोबाईल दुरुस्तीला, म्हणून बाबांनी रूम पार्टनरला फोन केला. मी प्रोजेक्टसाठी रात्रभर मित्राच्या रूमवर होतो. पार्टनर बिचारा टेबलावर चिठ्ठी ठेवून पहाटेच्या एसटीने गावी गेला. चिठ्ठीत बाबांचे शब्द जसेच्या तसे होते: “उद्या ऑपरेशन आहे. रात्रीच निघ. आजीजवळ बसायला कुणी नाही.”

मी ती वाचली सकाळी. त्याच रात्री गाडी पकडली आणि दुसऱ्या दिवशी भाईंदरला उतरलो. ऑपरेशन आदल्या दिवशीच झालं होतं. बाबा औषधं-रक्तासाठी धावत होते आणि आजी फाईल मांडीवर घेऊन तीन तास बाहेर एकटी बसली होती. आजोबा ठीक होते. आजी एवढंच म्हणाली, “काल यायला हवं होतंस रे.”

चिठ्ठीत एक शब्दही खोटा नव्हता. फक्त ‘उद्या’ एक रात्र ओलांडून आला होता. ‘द नेक्स्ट डे’ कशासाठी असतं ते तेव्हा कळलं. निरोप पोचेपर्यंत दिवस बदलतो, त्याचा हिशेब निरोप देणाऱ्यानेच करायचा असतो.

आपल्या हॉस्टेलवर तर याच्यापुढची एक जात आहे... ‘म्हणे’! “सबमिशन पुढे ढकललंय म्हणे!” कोण म्हणालं, कधी म्हणालं, पत्ता नाही. सांगणारा मोकळा आणि फाईल अर्धवट ठेवून झोपणारा अडकला.

तेव्हा मित्रांनो, निरोप खुशाल मराठीत द्या. पण ‘म्हणे’च्या जागी नाव सांगा, आणि चिठ्ठीत ‘उद्या’ लिहायच्या ऐवजी सरळ वार आणि तारीख लिहा.