घराचा नकाशा

झरीना हाश्मी हे नाव आपल्याकडे हुसेन-रझांसारखं कुणाच्या तोंडी नसतं. मलाही त्यांची ओळख उशिराच झाली.

जन्म १९३७ चा, अलीगढचा. वडील तिथल्या विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. बाईंनी पदवी घेतली गणितात. नवरा परराष्ट्र खात्यात, त्यामुळे बँकॉक, पॅरिस असं विंचवाचं बिऱ्हाड. या फिरतीतच त्या लाकूड कोरून छाप घ्यायला शिकल्या आणि पुढे न्यूयॉर्कला स्थिरावल्या. कागदाचा लगदा साच्यात ओतून शिल्पंही केली. पण विषय फिरून फिरून एकच... घर! कारण दरम्यान आईवडील कराचीला गेले होते आणि अलीगढचं घर सुटलं होतं.

'डिव्हायडिंग लाइन' (२००१) या छापात फक्त भारत-पाकिस्तान सीमेची वेडीवाकडी काळी रेघ आहे. लाकडी ठशात जे कोरून काढाल ते कोरं राहतं, जे ठेवाल ते उमटतं. म्हणजे ती एक रेघ राखायला बाईंना दोन्हीकडची जमीन खरवडावी लागली! हे लक्षात आलं आणि मी बराच वेळ गप्प बसले.

'होम इज अ फॉरेन प्लेस' (१९९९) मध्ये ३६ छाप आहेत, प्रत्येकाला एक उर्दू शब्द. उंबरठा, अंगण असे साधेच. वडिलांच्या घराचा नकाशाही त्यांनी छापला, खोल्यांची नावं उर्दूत लिहून.

२०११ साली व्हेनिस बिएनालेतल्या भारताच्या दालनासाठी मुंबईच्या रणजित होस्कोटे यांनी निवडलेल्या कलाकारांत त्या होत्या. तेव्हा सत्तरी उलटली होती. २०२० साली लंडनला त्या गेल्या.

हे आज का लिहितेय, ते घरच्यांना कळलं असेलच. कोकणातलं घर विकायचं ठरलंय. त्याबद्दल माझी तक्रार नाही, दर पावसाळ्याआधी कौलं परतायला जाणार कोण? पण गेले दोन महिने आपण फक्त गुंठे आणि भाव बोलतोय. दादा, सह्या व्हायच्या आधी मला दोन दिवस तिथे राहायचंय. टेप घेऊन मापं काढीन आणि नकाशात आजीच्या तोंडची नावं घालीन: पडवी, ओटी, माजघर, न्हाणी. आपल्या मुलांना हे शब्द परकेच आहेत. घर गेल्यावर ते दाखवायचे कुठे?

कुणाची खाट कुठे असायची, ते आठवेल तसं कळवा. आणि विहिरीकडच्या अंधाऱ्या खोलीला आजी काय म्हणायची? मला काही केल्या आठवत नाहीये.