गंधाची वाट

पुरुषोत्तमनगर हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील गाव. पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने येथे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. या कारखान्याच्या वसाहतीत माझे लहानपण गेले. तेव्हा आम्हां मुलांना दिनदर्शिका पाहावी लागत नसे. नाकच आम्हांला ऋतू सांगे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला, की उकळत्या रसाचा गोडसर वास घराघरांत शिरे. मागोमाग मळीचा उग्र, आंबूस वास येई. पाहुणे नाकाला रुमाल लावत. आम्हांला मात्र त्या वासाने घरी आल्यासारखे वाटे. थंडीत नंदुरबारला गेलो, की पथारींवर वाळत घातलेल्या लाल मिरच्यांनी ठसका लागे. जूनमध्ये पहिला पाऊस पडे आणि काळ्या जमिनीतून मातीचा सुगंध उठे. कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीपासून 'मिट्टी' नावाचे अत्तर काढतात, ते याच सुगंधाच्या ओढीने.

एवढे असूनही आपण नाकाला डोळ्यांइतका किंवा कानांइतका मान देत नाही. ज्याला दिसत नाही तो आंधळा, ज्याला ऐकू येत नाही तो बहिरा. पण ज्याला वास येत नाही, त्याच्यासाठी आपल्या रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. मराठीत नाकावरून वाक्प्रचार मात्र पुष्कळ आहेत. आपण नाक मुरडतो, नाकाने कांदे सोलतो, कधी कधी आपले नाकही कापले जाते. उर्दूतही 'नाक कटती है' असे म्हणतातच. हे सारे मानापमानाचे झाले. वास घेणे हे नाकाचे खरे काम, आणि ते बंद पडले तर माणसाचे काय होते, हे मी आमच्याच घरात पाहिले.

२०२१ च्या एप्रिल महिन्यात करोनाची दुसरी लाट आली. आईला ताप आला. आठ-दहा दिवसांत ती बरी झाली. एके सकाळी मी तिला चहा करून दिला. घोट घेऊन ती म्हणाली, "आज आले घातले नाहीस का?" आले तर नेहमीपेक्षा जास्तच घातले होते. त्याचा वास स्वयंपाकघरात दरवळत होता.

चार दिवसांत सगळे ठीक होईल, असे सर्वांना वाटले. मे गेला, जून गेला, तरी आईला वास येईना. तिचा सारा स्वयंपाक नाकावर चाले. फोडणीतला लसूण लाल झाला, हे ती कढईकडे न पाहता सांगे. आता ती चुलीपाशी गोंधळून उभी राही. "भरीत खाते आहे, की ओला कागद चघळते आहे, तेच कळत नाही," असे ती म्हणे. फक्त मिरची झोंबलेली तिला समजे. हळूहळू ती अबोल झाली. संध्याकाळी ओट्यावर बसणे बंद झाले. रात्री ती दोन-तीनदा उठे आणि गॅसचे बटण तपासून पाही. घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचे रसायन मिसळलेले असते. तो वासच येत नसेल, तर धोका कळावा कसा?

धाकट्या भावाचे बाळ तेव्हा सहा महिन्यांचे होते. त्याला मांडीवर घेऊन एकदा आई म्हणाली, "याचा वासच येत नाही रे. दुसऱ्या कुणाचे मूल घेऊन बसल्यासारखे वाटते."

शेजारी म्हणत, "नाकच गेले ना? जीव तर वाचला!" तेही खरेच होते. त्या वर्षी कितीतरी घरांतली माणसेच गेली होती. त्यामुळे आपले दुःख बोलून दाखवायचाही आईला संकोच वाटे.

शेवटी तिला शहाद्याच्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नाक तपासले आणि मग विचारले, "झोप लागते का? कशात मन रमते का?" नाकाचे डॉक्टर मनाची चौकशी का करतात, याचे मला नवल वाटले. ते म्हणाले, "नाक आणि मन यांची घरे शेजारी शेजारी आहेत." त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो.

फुलातून किंवा भाजीतून अतिशय सूक्ष्म कण हवेत मिसळतात. श्वासाबरोबर ते नाकाच्या छतापर्यंत पोहोचतात. तेथील पेशींवर हे कण ओळखणारे ग्राहक असतात. माणसात अशा ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या ग्राहकांची जनुके शोधून काढली. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्यांचा व कानांचा निरोप मेंदूतील एका मोठ्या ठाण्यावर थांबून पुढे जातो. वासाचा निरोप मात्र त्या ठाण्यावर न थांबताच भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांजवळ पोहोचतो. म्हणूनच जुन्या पेटीतल्या अत्तराचा फाया हुंगला, की वर्षांपूर्वीची ईद डोळ्यांसमोर उभी राहते. मिरचीचा झोंबरेपणा दुसऱ्याच मज्जातंतूने मेंदूकडे जातो. आईला मिरची कळे आणि कोथिंबीर कळत नसे, त्याचे कारण हेच.

वास आणि मन यांचा हा संबंध दोन्ही बाजूंनी दिसतो. ज्यांची वासाची शक्ती जाते, त्यांच्यापैकी अनेकांना उदासी घेरते. उलट, नैराश्याचा आजार असलेल्या अनेक रुग्णांची वास ओळखण्याची शक्ती मंदावलेली आढळते. यात आधी काय आणि नंतर काय, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. पण ही उदासी म्हणजे आळस नव्हे आणि हट्टही नव्हे, एवढे नक्की.

आपली ही शक्ती कमी झाली आहे, हे पुष्कळदा आपल्याला स्वतःलाही कळत नाही. २०२० मध्ये पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील निक्सन अब्राहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांच्या सोबतीने एक प्रयोग केला. मोजून मापून वास सोडणारे एक यंत्र त्यांनी तयार केले आणि करोनाची लागण झालेल्या, पण कोणतेही लक्षण नसलेल्या लोकांची तपासणी केली. त्यांपैकी बहुतेकांची वासाची शक्ती कमी झाली होती, आणि अनेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

आपल्या देशात या विषयाचा पाया घालणाऱ्यांत ओबेद सिद्दिकी यांचे नाव मोठे आहे. उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात १९३२ साली त्यांचा जन्म झाला. अलीगढच्या विद्यापीठात ते शिकले. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९६२ साली त्यांनी तेथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावणारी इवलीशी फळमाशी तुम्ही पाहिली असेल. तिला वास आणि चव कशी कळते, हे शोधण्यासाठी सिद्दिकी आणि त्यांच्या विद्यार्थिनी वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यांचा एक महत्त्वाचा निबंध १९७८ साली प्रसिद्ध झाला. पुढे सिद्दिकी यांनी बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारले. २००६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २०१३ साली ते निवर्तले. ज्या माशीला आपण हाताने हाकलतो, तिच्याकडून त्यांनी मेंदूचे धडे घेतले!

आता आईच्या उपचाराकडे वळू. नाकातल्या वास घेणाऱ्या पेशींचा एक चांगला गुण आहे. त्या जन्मभर नव्याने तयार होत राहतात. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये नाकाला व्यायाम देण्याची एक पद्धत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ हुंगायचे. निदान बारा आठवडे तरी हा नेम मोडायचा नाही. डॉक्टरांनी आईला हेच सांगितले. लवंग डब्यात होती, लिंबू परसात होते, निलगिरीचे तेल दुकानात मिळाले. गुलाबाचे अत्तर शेजारच्या चाचींनी आणून दिले. त्या म्हणाल्या, "भाभी, हे आमचे ईदचे अत्तर. वास नाही आला, तरी आठवण तर येईल!" त्या बोलण्यात शास्त्रही होते. हुंगताना तो वास मनात आठवावा, असेच डॉक्टरही सांगतात.

चाची रोज संध्याकाळी येऊ लागल्या. दोघी मिळून चार बाटल्या हुंगत आणि तासभर गप्पा मारत. दिवाळीच्या सुमारास आईला प्रथम लिंबू कळले, मग लवंग. सगळे वास काही परतले नाहीत. गुलाब तिला अजूनही अगदी पुसट येतो. पण ती पुन्हा ओट्यावर बसू लागली, हसू लागली. हा गुण नाकाच्या व्यायामाचा, की चाचींच्या सोबतीचा, ते मी सांगू शकणार नाही. तिला दोन्हींची गरज होती.

मुलांनो, हातपाय मोडला तर प्लास्टर दिसते. वास गेलेला दिसत नाही आणि खचलेले मनही दिसत नाही. तुमच्या घरी कुणी "जेवणाला चवच नाही" असे वारंवार म्हणत असेल, कुणी अबोल झाले असेल, तर त्याला हसू नका. डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह धरा. मन फार उदास असेल, तर सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही, पैसे न देता, मराठीतही बोलता येते. आणि हे सारे करण्याआधी, त्या माणसाजवळ थोडा वेळ बसा आणि "तुम्हांला काय होते आहे?" असे विचारा.