अँटेनावाले आजोबा

आई-वडील अमेरिकेत येतात ते साधारण मे महिन्यात, आणि परत जातात नोव्हेंबरात. व्हिसावर सहा महिने मिळतात आणि इथली थंडी कुणालाच नको असते. पहिला महिना कौतुकात जातो. नायगारा होतो, मंदिर होतं, मंडळाची सहल होते. मग मुलगा-सून कामाला, नात समर कॅम्पला आणि घरात एकटं माणूस. गाडी चालवता येत नाही. फुटपाथ आहेत, पण पायी जाऊन पोहोचावं असं त्यांच्या टोकाला काही नाही.

२०१६ साली नाना, म्हणजे माझे वडील, आले ते असे. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच फेरी. आम्ही शॉमबर्गला राहायचो, शिकागो शहरापासून पंचवीस-तीस मैलांवर. बिल वाढत चाललं म्हणून केबल काढून टाकली होती. आम्ही जे काही बघायचो ते इंटरनेटवर, आणि तिथे आधी काय बघायचं ते ठरवावं लागतं. नानांना ते पटेना. टीव्ही म्हणजे बटण दाबलं की काहीतरी चालू असलं पाहिजे, हा त्यांचा साधा हिशेब. मग ते दुपारभर बाल्कनीत खुर्ची टाकून पार्किंगकडे बघत बसायचे.

वरच्या मजल्यावर एक पोलिश वंशाचे गृहस्थ राहायचे. वय अठ्ठ्याहत्तर, पत्नी वारलेली. उभा जन्म शिकागोच्या मिलवॉकी ॲव्हेन्यूवर टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवण्यात गेलेला. आमची मुलगी त्यांना आजोबा म्हणायची, म्हणून आम्हीही. नाना रोज एकटेच बसलेले त्यांनी वरून पाहिले असावेत. एका शनिवारी ते बगलेत टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारा जुना टीवोचा खोका आणि हातात केबलचं भेंडोळं घेऊन दारात उभे राहिले. मला म्हणाले, "तुमचे वडील काय बघतात?" मी म्हटलं, "काही नाही." ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

शिकागोचे बहुतेक मोठे चॅनल विलिस टॉवर आणि जॉन हॅनकॉक या दोन इमारतींच्या माथ्यावरून सुटतात. अँटेना असेल तर ते फुकट दिसतात, आणि चित्र एचडी असतं. आमची बाल्कनी नेमकी त्या दिशेला होती. अडचण निघाली ती चॅनल २ ची. बाकी सगळे लागले, हा मात्र चौकोन-चौकोन होऊन फुटायचा. आजोबांनी नानांना समजावलं की पडद्यावरचा २ हा आकडा नावापुरता; लहरी प्रत्यक्षात निघतात १२ नंबरच्या पट्ट्यावर. ती व्हीएचएफ लहर, तिची लांबी जास्त, म्हणून तिला पकडायला हातही लांब लागतात. मी दुकानातून आणलेली चपटी अँटेना आखूड लहरींच्या, म्हणजे यूएचएफच्या मापाची होती. त्यांनी तिला दोन लांब दांड्या जोडल्या.

नाना विद्युत मंडळात इंजिनियर होते, त्यामुळे तारा दिसल्यावर त्यांना राहवेना. आजोबा बाल्कनीत अँटेना बोट-बोट फिरवत होते आणि नाना आत सिग्नलचा आकडा वाचत होते. आकडा चढला तसे ओरडले, "आलं, आलं!" बाहेरून आजोबाही ओरडले, "आलं?" त्यांना अर्थ विचारावा लागला नाही.

मग नाना म्हणाले, "पण मुंग्या कशा नाहीत?" पुण्यात सिंहगडाच्या दिशेने अँटेना फिरवताना सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या यायच्या, त्यातूनही चित्र ओळखता यायचं. आजोबांनी सांगितलं की इकडे मोठ्या केंद्रांच्या मुंग्या १२ जून २००९ ला संपल्या. डिजिटलमध्ये एका मर्यादेपर्यंत चित्र लख्ख, आणि तिच्याखाली काहीच नाही.

पुढच्याच आठवड्यात कॉन्डोच्या कमिटीचं पत्र आलं, की बाल्कनीतली अँटेना काढा. मी काढणार होतो. आजोबांनी एफसीसी या सरकारी दूरसंचार आयोगाच्या १९९६ च्या नियमाची प्रत छापून आणली. स्वतःच्या ताब्यातल्या बाल्कनीत टीव्हीची अँटेना लावायला अशा कमिटीला मनाई करता येत नाही, असा तो नियम. पत्रव्यवहार तिथेच थांबला.

टीवोचा तो खोका २००७ सालच्या मॉडेलचा. एका वेळी दोन चॅनल रेकॉर्ड करायचा, एचडीचे वीसेक तास मावायचे. आजोबांनी त्याची आयुष्यभराची वर्गणी एकदाच भरून टाकली होती, आणि ती माणसाच्या नावावर नसते, खोक्याच्या नावावर असते. म्हणजे खोका दिला की वर्गणीही दिली. मी पैसे विचारले तेव्हा ते म्हणाले, "मी नवीन घेतलाय, हा नुसता बसून होता." नानांकडे बघून म्हणाले की काय, असं मला वाटलं.

घरी बसून रेकॉर्डिंग करायची मुभासुद्धा कुणीतरी मिळवून दिलेली आहे, हे त्यांच्याकडूनच कळलं. चित्रपट कंपन्यांनी सोनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरवर खटला भरला होता. तो १९८४ साली सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार अशा एका मताने सोनीच्या बाजूने लागला. लहान मुलांच्या कार्यक्रमाचे फ्रेड रॉजर्स यांनी त्यात साक्ष दिली होती, की पालकांनी माझा कार्यक्रम रेकॉर्ड करून सवडीने मुलांबरोबर बघितला तर माझी काही हरकत नाही. निकालपत्रात त्या साक्षीचा आधार घेतलेला आहे. आजोबा त्या वेळी दुकानात हेच रेकॉर्डर विकत होते. "एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर माझं दुकान बसलं असतं," ते म्हणाले.

आणि मग बेसबॉल. मे ते नोव्हेंबर हा आपल्याकडच्या आई-वडिलांचा मुक्काम आणि बेसबॉलचा हंगाम जवळजवळ एकच. हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शिकागो कब्ज या संघाचे काही सामने चॅनल ९ वर, काही ७ वर, बाकीचे केबलवर. सामने बरेचदा रात्रीचे, आणि नानांचा नऊला आडवं व्हायचा नेम. म्हणून रात्री रेकॉर्ड झालेला सामना सकाळी दहाला बघायचा, असं ठरून गेलं. दोघांचं इंग्रजी एकमेकांना निम्मंच कळायचं. उरलेलं काम रिमोटवरचं आठ सेकंद मागे नेणारं बटण करायचं. पहिल्यांदा डबल प्ले झाला तेव्हा आजोबांनी तो चार वेळा मागे नेऊन दाखवला. नाना म्हणाले, "एका चेंडूवर दोन आउट? हा अन्याय आहे."

जुलैत केव्हातरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रात्री सामना चालू असताना आमच्या छतावर पाय आपटल्याचे आवाज यायचे, मध्येच एखादी आरोळी. आजोबा प्रत्येक सामना रात्रीच बघून मोकळे होत होते. सकाळी खाली येऊन तो दुसऱ्यांदा बघायचे आणि निकाल माहीत नसल्यासारखे नानांशेजारी बसायचे. मी बायकोला म्हटलं, "हा माणूस रोज तीन तास नाटक करतोय." ती म्हणाली, "नाटक कसलं? सोबत करताहेत."

कब्ज वर्ल्ड सिरीज शेवटची जिंकले होते १९०८ साली. २०१६ ला ते तिच्या सातव्या, म्हणजे निर्णायक सामन्यापर्यंत पोहोचले. तो सामना होता २ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी आजोबा येऊन रेकॉर्डिंगची वेळ तीन तासांनी वाढवून गेले. "बेसबॉलला घड्याळ नसतं," म्हणाले. नाना नऊला झोपले. "खोक्यात राहतंय ना? उद्या बघू."

रात्री पावणेबाराला गावभर गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. नानांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं, ते बरं. सकाळचा पेपर मी कपाटात टाकला आणि घरूनच काम करतो असं ऑफिसला कळवलं.

दहाला आजोबा आले. दाढी केलेली, चेहरा कोरा. फराळाचं ताट मध्ये. आठव्या डावात क्लीव्हलंडच्या राजाई डेव्हिसने होमरन मारून ६-६ अशी बरोबरी केली तेव्हा नानांनी कपाळावर हात मारला, आणि आजोबांनीही मारला. नवव्या डावानंतर पाऊस आला. नानांनी विचारलं, "आता डकवर्थ-लुईस लावणार?" सतरा मिनिटांनी खेळ सुरू झाला. दहाव्या डावात कब्जनी दोन धावा केल्या, एक दिली, आणि शेवटचा चेंडू क्रिस ब्रायंटने हसत हसत उचलून, पाय घसरत असतानाच पहिल्या बेसकडे फेकला. ८-७.

नाना टाळ्या वाजवत उठले. आजोबा उठले नाहीत. आदल्या रात्री हे सगळं बघितलेला तो माणूस पुन्हा रडत होता. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर वाट बघितली होती, असं ते म्हणाले. नानांनी काही न बोलता चकलीची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

त्यानंतर सगळंच पांगलं. आजोबा मुलीकडे ॲरिझोनाला गेले. खोक्याची डिस्क एका हिवाळ्यात बंद पडली आणि तिच्यातला तो सामनाही गेला. २०१९ च्या हंगामानंतर चॅनल ९ वरचे कब्जचे सामने थांबले. आता ते बहुतेक पैसे भरून बघायच्या चॅनलवर असतात. २०२५ मध्ये टीवोने खोके विकणंच बंद केलं. नानांचे गुडघे आता विमानाचे चौदा-पंधरा तास सोसत नाहीत.

नानांसाठी मी केलेल्या गोष्टींची यादी काढली तर बरीच मोठी होईल. तिकिटं, विमा, नायगारा, व्हीलचेअरचं बुकिंग. पुण्यात कुणी अमेरिकेचं विचारलं की यातलं एकही नानांच्या तोंडी येत नाही. ते म्हणतात, "तिथे माझे एक मित्र आहेत." त्या वाक्यात माझा वाटा बाल्कनीपुरता.