प्रतिशब्द आणि अर्थ

कठीण इंग्रजी शब्द जमविण्याचा मला मोठा नाद आहे. रोज दहा शब्द वहींत उतरावे व त्यांचे अर्थ पाठ करावे, असा माझा नेम. मोल्सवर्थसाहेबांनीं आरंभिलेला व कँडीसाहेबांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला, तेव्हांपासून प्रतिशब्द शोधणें विद्यार्थ्यांस सोपें झालें. परंतु प्रतिशब्द म्हणजे अर्थ नव्हे, हें मला भोसरींत कळलें.

त्या दिवशीं ‘टॉलरन्स’ म्हणजे ‘सहिष्णुता’ असें मीं घोकलें होतें. सायंकाळीं वडिलांचा डबा घेऊन कारखान्यांत गेलों. ते लेथवर शाफ्ट कातीत होते. त्यांचें शिक्षण सातवीपर्यंतचें. मीं ऐटीनें विचारलें, “बाबा, टॉलरन्स म्हणजे काय, ठाऊक आहे?”

त्यांनीं ड्रॉइंगवर बोट ठेविलें. तेथें २५ मिलिमीटर, अधिक-उणें ०.०२, असें लिहिलें होतें. मायक्रोमीटरनें शाफ्ट मापून ते म्हणाले, “अरे, कोणतेहि दोन शाफ्ट अगदीं सारखे उतरत नाहींत. म्हणून एवढा फरक चालवून घ्यावयाचा. पण याहून अधिक झाला, तर माल बाद.”

फरक मुळींच न सोसावा, तर एकहि वस्तु तयार व्हावयाची नाहीं. वाटेल तितका सोसावा, तर एकहि नीट बसावयाची नाहीं. कोशांतील त्या एका शब्दांत हें मला दिसलें नव्हतें.

मी त्यांची परीक्षा घेत होतों, हें त्यांनीं ओळखलें असावें. पण ते कांहीं बोलले नाहींत. त्या रात्रीं वहींत ‘सहिष्णुता’ या शब्दापुढें मीं ‘०.०२’ असें लिहिलें.